बारावी खुर्ची

१

सोमवारी सकाळी सात वाजायला दहा मिनिटं असताना अर्लीन कांगसने बस थांबवली, दार उघडलं, आणि हातातल्या नव्या यादीवर नजर टाकली. समोर बर्फात दप्तर घेऊन उभ्या असलेल्या पोरीचं नाव यादीत नव्हतं.

टॅमरॅक क्रॉसिंगमध्ये एक जुना रिवाज होता. मूल शाळेला येणार असेल तर दारावरचा दिवा लावलेला ठेवायचा. दिवा नसेल तर बसने थांबायचं नाही, भोंगा वाजवायचा नाही, चौकशीही करायची नाही. घरात कोणी आजारी असेल, कोणाची आई रात्रपाळी करून झोपली असेल. तीस वर्षं अर्लीन हा नियम पाळत आली होती. आज वाटेत दहा घरं काळोखात होती. तिला वाटलं, हरणांच्या शिकारीचा पहिला आठवडा कालच संपलाय, मंडळी अजून जंगलातल्या खोपट्यांतून परतली नसतील. पेल्कोनेनांच्या दारावर दिवा होता. त्यांची हेझल चढली आणि पहिल्या बाकावर एकटीच बसली.

सावेलांचं हे घर शेवटचं. दिवा लख्ख पेटलेला आणि नऊ वर्षांची टिल्डा वेळेवर हजर.

"मिस अर्लीन, आत येऊ का? पाय गोठले."

अर्लीनने यादी खालून वर वाचली. टिल्डाचं नाव गेलं होतं. त्या दहा काळोख्या घरांमधली दहा मुलंही गेली होती. एका आठवड्यात अकरा पोरं कमी! शाळा आहे की हजामतीचं दुकान?

"ये, चढ," ती म्हणाली. "तुझ्या जागेवर बस."

शाळेच्या दारात मुख्याध्यापक डॉ. हॉलोवे उभे होते. उन्हाळ्यात ॲरिझोनाहून आलेला माणूस, बर्फातसुद्धा शहरी बूट घालायचा. "हिला आणायला नको होतं, मिसेस कांगस. पालकांनी तिचं नाव काढून घेतलंय."

"कोणी? क्रिस्टाने? ती स्वतःचा दात काढून देईल, पण पोरीची शाळा काढणार नाही."

"सही आहे तिची."

टिल्डाला कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसवलं. अंगात कोट, डोक्यावर लोकरी टोपी, दप्तर मांडीवर. आई येऊन घेऊन जाईपर्यंत तिथेच बसायचं. चार वर्षं ज्या शाळेत ती गाणी म्हणत शिरायची, तिथे तिला पार्सलासारखं ठेवलं होतं. अर्लीनच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"माझा कप वाचनाच्या खोलीत राहिलाय," टिल्डा हळूच म्हणाली. "लूनच्या टेबलावर. आम्ही लून. ज्यांना वाचायला वेळ लागतो ना, ते. आम्ही बारा जण आहोत, प्रत्येकाची खुर्ची आपली आपली."

अर्लीन कप आणायला गेली. तळ्यावरच्या लून पक्ष्याचं चित्र भिंतीवर होतं. चित्राखाली अकरा छोट्या खुर्च्या एकीवर एक उलट्या रचून ठेवल्या होत्या. टेबलाशी एकच उरली होती.

२

क्रिस्टा सावेला पहाटे पाचपासून वृद्धाश्रमात कामाला होती. अर्लीनने तिला धुलाईघरात गाठलं. शनिवारी टपालाने आलेलं पाकीट अजून तिच्या पर्समध्ये न उघडताच पडलं होतं. तिने ते तिथेच फोडलं, वाचलं आणि पांढरीफटक पडली.

"'आपल्या विनंतीनुसार...' मी कसली विनंती केली गं, अर्लीन?"

पत्राला अर्जाची प्रत जोडलेली होती. 'माझ्या पाल्याचं नाव शाळेच्या पटावरून काढावं. मी घरी शिकवण्याची व्यवस्था केली आहे.' खाली सही. शेजारी कार्यालयाचा शिक्का: समक्ष सही केली. तारीख चौदा नोव्हेंबर.

"सही तुझीच का?"

"माझीच. त्या 'एस'ची शेपटी माझ्याशिवाय कोणी काढत नाही. पण मी हे केलं नाही! चौदाला मी दिवसभर इथे होते, संध्याकाळी पळत जाऊन शिकारीचा परवाना घेतला आणि तशीच खोपट्यावर गेले. घरी शिकवणार? मी? कधी? चादरी पिळता पिळता?" तिने पत्र उलटून पाहिलं. "आता तिला बॅरोच्या शाळेला पाठवायचं. सत्तेचाळीस मैल. तिथली बस पहाटे साडेपाचला निघते. तेव्हा मी इथे म्हाताऱ्यांना उठवत असते. पोर एकटी रस्त्यावर उभी राहणार?"

"मंडळाकडे जाऊ."

"बुधवारी संध्याकाळी मंडळाची बैठक आहे, असं लिहिलंय. त्यात ही नावं कायमची कमी करून प्रतीक्षायादीतल्या मुलांना जागा देणार."

बुधवार म्हणजे थँक्सगिव्हिंगच्या मेजवानीची आदली संध्याकाळ. गावातलं प्रत्येक माणूस त्या वेळी स्वयंपाकघरात टर्कीशी झटापट करत असतं. ज्याने ती तारीख निवडली त्याला गर्दी नको होती, हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता.

शाळा सरकारी पैशावर चालायची, पण गावातल्या पाच जणांच्या मंडळाच्या हातात होती. खाण बंद पडली आणि पाठोपाठ जिल्ह्याने जुनी शाळाही बंद केली, तेव्हा गावाने हट्टाने सरकारकडून करार मिळवून ही उभी केली होती. वॉल्ट पेल्कोनेनने आपल्या हार्डवेअरच्या दुकानातून रंग, खिळे, दारं सगळं फुकट दिलं. शिडीवर चढून दरवाज्यावरची पाटी त्यानेच रंगवली: 'या गावातलं प्रत्येक मूल'. शिडी खालून अर्लीनने धरली होती. वॉल्ट तेव्हापासून मंडळाचा अध्यक्ष. यंदा कराराला सहा वर्षं पुरी होत होती. वसंतातल्या परीक्षेत वाचनाचा निकाल सुधारला नाही तर करार संपणार, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

दुपारी अर्लीन हॉलोवेसमोर जाऊन बसली.

"अकरा मुलं गेली. सगळी एकाच टेबलावरची. विचित्र नाही वाटत तुम्हाला?"

"अर्ज आले, मी नोंदवले. सह्या खऱ्या आहेत."

"तुमच्या समक्ष केल्या?"

"कार्यालयाचा शिक्का आहे. मिसेस टेर्वोंना विचारा. मला त्या आठवड्यात दुसराच घोर होता. शुक्रवारी अचानक चाळीस मुलं गैरहजर! कोणाचा निरोप नाही, काही नाही."

"निरोप कसा नाही? हरणांच्या चिठ्ठ्या होत्या ना?"

"हरणांच्या काय?" हॉलोवे म्हणाले.

त्यांच्या चेहऱ्यावरचा गोंधळ खोटा नव्हता. अर्लीनने तो मनात नोंदवून ठेवला.

३

डार्ला टेर्वो शाळेची कारकून. गावात सगळ्यांचे वाढदिवस तिला पाठ, आणि तेवढीच सगळ्यांची भीतीही. शिक्क्याचं विचारल्यावर तिची पाचावर धारण बसली.

"अर्ज मंडळाच्या टपालाच्या खणात होते, बाई. पांढऱ्या पाकिटात. अकराच्या अकरा, सह्या झालेले. वर चिकटवलेली चिठ्ठी होती, 'शिक्का मारून नोंदवा'. चिठ्ठी टंकलेली."

"आणि तू मारलास? समक्ष म्हणून?"

"मंडळाच्या खणातून आलेलं परत पाठवू? पाण्यात राहून माशाशी वैर करायला माझं निवृत्तिवेतन सुरू झालेलं नाही अजून."

"त्या खणाची किल्ली कोणाकडे?"

"पाचही जणांकडे. शिवाय डॉक्टर हॉलोवेंकडे. शिवाय माझ्याकडे. घाल मलाही यादीत." डार्लाने नाक पुसलं. "मला काही कळलंच नाही, अर्लीन. शिकारीच्या धावपळीत कोण काय बघतं? मीही गुरुवारी परवान्याच्या रांगेत उभी राहून दोन सह्या ठोकल्या आणि पळाले."

"दोन?"

"एक परवान्यावर. एक नातवाच्या चिठ्ठीवर."

चिठ्ठ्यांचा प्रकार साधा होता. हंगामाचा पहिला दिवस पंधरा नोव्हेंबर. जुनी शाळा त्या दिवशी बंदच असायची. नव्या शाळेने तडजोड काढली: शाळा चालू, पण पालकाने सहीची चिठ्ठी दिली की मुलाने खुशाल खोपट्यावर जावं. परवाना घ्यायला सगळ्यांना वॉल्टच्या दुकानात जावंच लागायचं, म्हणून चिठ्ठ्याही तिथेच ठेवलेल्या. वॉल्ट गठ्ठा करून डार्लाकडे पोचवायचा. सहा वर्षांत कोणाला वावगं वाटलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी मुलांना सोडून अर्लीनने रिकामी बस परत फिरवली आणि काळोख्या दारांवर एकेक करून थाप मारली. तीस वर्षांत पहिल्यांदाच.

पहिल्या घरात आरने लाहती दाराच्या फटीतून म्हणाला, "आमचा विचार बदललाय. घरी शिकवणार आहोत."

"कोण शिकवणार? तू? तुला आठवीत मीच बसमधून उतरवायचे, पुस्तक बसमध्येच राहायचं."

आरने हसला नाही. त्याचे डोळे भरले. "बायको म्हणते, माझ्याच हातून झालं असणार. सही माझी आहे. मी न वाचता सही केली, आणि आता शाळेत जाऊन काय सांगू? की बापालाही नीट वाचता येत नाही?"

दुसऱ्या घरात तेच. तिसऱ्यात तेच. प्रत्येक घराला वाटत होतं की ही चूक आपल्याच एकट्याच्या हातून झाली. लेकरू वाचनात मागे आहे हे शेजाऱ्याला कळू नये, म्हणून दहा घरं तोंडात मूग गिळून, दिवे मालवून बसली होती. ज्याने हे रचलं त्याला गावाची लाज नेमकी कुठे राहते ते ठाऊक होतं. अर्लीनला चोरीपेक्षा त्याची चीड जास्त आली.

संध्याकाळी तिने सगळ्यांना चर्चच्या तळघरात बोलावलं. जिना उतरून येणारा प्रत्येक जण आधीच बसलेल्यांना बघून थबकत होता.

"तुम्हीसुद्धा?"

"अगं, तूसुद्धा?"

मग अकरा घरं एकदम बोलायला लागली. कोणीतरी वेलदोड्याचा पाव आणला होता, त्याला कोणी हात लावला नाही.

अर्लीनने टेबलावर थाप मारली. "एकच प्रश्न. चौदा तारखेला वॉल्टच्या दुकानात किती सह्या केल्यात?"

"तीन," क्रिस्टा म्हणाली. "मी कुरकुरलेसुद्धा. एका हरणासाठी तीन सह्या! वॉल्ट म्हणाला, सरकारला विचार."

"तीन," आरने म्हणाला.

"तीन." "तीनच." तळघरभर तोच आकडा फिरला.

मूल नसलेल्या अर्लीनने स्वतः एकच सही केली होती. नातवाला शाळेतून नेणाऱ्या डार्लाने दोन. या अकरा घरांनी तीन.

४

बुधवारी सकाळी शाळा उघडताच अकरा पालक कार्यालयासमोर रांगेत उभे राहिले आणि प्रत्येकाने एकच वाक्य म्हटलं, "माझ्या मुलाचा मूळ अर्ज बघायचाय."

हॉलोवे म्हणाले, "प्रती पाठवल्या आहेत."

डार्ला उठली. कपाट उघडून तिने फाइल काढली आणि मूळ कागद टेबलावर मांडत गेली. "पालकांना आपला कागद बघायचा हक्क आहे, डॉक्टर. नियम आहे. शिक्का मारताना मी नियम पाळला नाही, निदान आता तरी पाळते."

कागद शेजारी शेजारी ठेवल्यावर अर्लीनला ते दिसलं. अकरा सह्या, अकरा हस्ताक्षरं. पण प्रत्येक सहीत उजवीकडून दोन बोटांवर पेन अडखळलं होतं. रेघ तुटून पुढे सरकली होती आणि तिथे कागदावर गोल, बारीक वळ उमटला होता. आरनेने पेन दाबून धरलं असावं, त्याच्या कागदाला त्या जागी चक्क भोक पडलं होतं.

कार्यालयाचं टेबल काचेसारखं गुळगुळीत होतं.

अर्लीन तडक वॉल्टच्या दुकानात गेली. "सहा फूट दोरी दे."

वॉल्टने रिळावरून दोरी ओढली आणि काउंटरवर धरून मोजली. लाकडात दर फुटावर पितळी खिळ्याचं गोल डोकं ठोकलेलं होतं; त्याच्या आजोबांपासूनची ही मोजपट्टी. गल्ल्याची पेटी आणि किल्ल्या घासायचं यंत्र यांच्यामध्ये कागद ठेवण्यापुरतीच जागा होती. गावाने सही करायची ती तिथेच. त्या जागेच्या उजव्या अंगाला एक खिळा चकाकत होता.

"इथेच सही करून घेतलीस ना त्या अकरा जणांची?" अर्लीनने विचारलं. "परवाना, चिठ्ठी, आणि खाली तिसरा कागद?"

दोरी वॉल्टच्या हातात तशीच राहिली. मग त्याने सुस्कारा सोडला. "अर्लीन, मला वाटलंच होतं तू येशील. ते कागद डॉक्टरने आणून दिले. म्हणाला, या पालकांच्या सह्या हव्यात, शाळेचं काही काम आहे. मी खिळे विकणारा माणूस. मी काय वाचत बसतो?"

"हॉलोवेने?"

"मग काय! बाहेरचा माणूस. त्याला निकाल हवा, पोरं नकोत."

अर्लीन बाहेर येऊन बसमध्ये बसली. गोष्ट जुळत होती. अकरा घरांना ती आवडली असती, गावाला तर फारच. ॲरिझोनाचा माणूस, शहरी बूट, चोर सापडला. पण हॉलोवेंना हरणांच्या चिठ्ठ्या म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. आणि तिला ती वाचनाची खोली आठवली. रचलेल्या अकरा खुर्च्या, टेबलाशी उरलेली एक. टिल्डा म्हणाली होती, आम्ही बारा. निकालासाठी मागे पडलेली पोरं काढायचीच होती, तर परक्या माणसाने त्यातलं एकच का ठेवलं असतं?

तिने गाडी पुन्हा शाळेकडे वळवली आणि थेट वाचनाच्या खोलीचं दार उघडलं. बाराव्या खुर्चीवर एक मूल बसून बोटाने ओळ शोधत होतं. अर्लीनला पाहून ते हसलं. अर्लीनला हसता आलं नाही.

५

संध्याकाळी व्यायामशाळेत मंडळाचे पाच जण लांब टेबलामागे बसले. मध्ये अध्यक्ष वॉल्ट, कडेला हॉलोवे. समोर रिकाम्या खुर्च्या असतील अशी त्यांची अपेक्षा होती. पण टर्क्या तशाच टाकून अर्धं गाव आलं होतं.

"विषय चौथा," वॉल्ट म्हणाला. "पटावरून कमी झालेल्या नावांना मान्यता. नागरिकांना बोलायचं असल्यास प्रत्येकी तीन मिनिटं."

क्रिस्टा उभी राहिली. "माझी तीन मिनिटं मी अर्लीन कांगसना देते."

"माझीही," आरने म्हणाला. मग बाकीचे नऊ एकामागून एक उठले. लाजेने दिवे मालवणारी माणसं सगळ्या गावासमोर उभी होती.

"तेहतीस मिनिटं झाली," अर्लीन म्हणाली. "एवढी लागणार नाहीत."

तिने तीन सह्यांची गोष्ट सांगितली. पितळी खिळ्याची सांगितली. आरनेचा भोक पडलेला कागद दिव्याखाली धरला. लोक वॉल्टकडे बघायला लागले.

"मी सांगितलंय," वॉल्ट म्हणाला, "कागद डॉक्टरने दिले होते."

"हे खोटं आहे!" हॉलोवे ताडकन उठले.

"बसा. तुमच्याकडेही येते," अर्लीन म्हणाली. "डॉक्टर, वाचनात मागे असलेल्या मुलांची यादी तुम्ही केली होतीत?"

"हो. ऑक्टोबरमध्ये. अध्यक्षांना दिली. वाचनासाठी आणखी एक शिक्षिका हवी म्हणून मागणी केली होती."

"यादीत नावं किती?"

"बारा."

"आणि अर्ज आले अकरा. सगळे त्याच यादीतले. तुम्हाला एकदाही वाटलं नाही की जरा चौकशी करावी?"

हॉलोवे हळूच खाली बसले. मग म्हणाले, "वाटलं. पण सह्या खऱ्या होत्या. आणि खरं सांगायचं तर... मला हायसं वाटलं."

"निदान खरं बोललात. त्याचा हिशेब तुमचा तुम्ही द्या." अर्लीन वॉल्टकडे वळली. "वॉल्ट, ती यादी तुझ्याकडे होती. चिठ्ठ्या तुझ्या काउंटरवर, आणि डॉक्टरांना चिठ्ठ्या ठाऊकच नव्हत्या. खणाची किल्ली तुझ्याकडे, बैठकीची तारीख तू ठरवलीस. तरीही मी म्हटलं असतं, योगायोग असेल. सहा वर्षं तुझी शिडी धरलीय मी. पण बारातली अकरा गेली आणि एक राहिलं. परक्याला बाराही सारखीच होती. त्या एका मुलाचं नाव मी घेणार नाही. त्या लेकराचा काही दोष नाही. पण ते कोणाच्या घरातलं आहे, ते तू सांग."



"हेझल," वॉल्ट म्हणाला. "माझी हेझल."

आरने लाहती उठायला लागला तसा क्रिस्टाने त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं.

"तुम्ही काय समजलात, मला मजा आली?" वॉल्ट उठून उभा राहिला. "करार गेला तर शाळा जाते! एकशे बत्तीस मुलं सत्तेचाळीस मैल जातील! अकरा गेली तर बाकीची वाचतात. कोणीतरी हा हिशेब करायलाच हवा होता."

"हिशेब?" अर्लीन म्हणाली. "हिशेब करायचा होता तर पहिलं नाव हेझलचं लिहायचं होतंस! आपल्या घरचं झाकून ठेवायचं आणि दुसऱ्याची लेकरं बर्फात उभी करायची, याला हिशेब म्हणत नाहीत. या माणसांनी तुझा कागद वाचला नाही, कारण तो तुझ्या हातातून आला होता. आरनेच्या बापाच्या शवपेटीचं लाकूड तू फुकट दिलंस, वॉल्ट. तुझ्याकडचा कागद कोण वाचणार? कुंपणानेच शेत खाल्लं, तर शेताने कोणाकडे बघायचं? आणि शाळा जायची असेल तर सगळ्यांना घेऊन जाऊ दे! दारावर काय लिहिलंस ते तरी एकदा वाच."

वॉल्टने दाराकडे पाहिलं नाही. समोरची लाकडी हातोडी त्याने शेजारच्या बाईकडे सरकवली, कोट उचलला आणि मधल्या वाटेने बाहेर गेला. एकाही माणसाने वाट अडवली नाही, कोणी हाकही मारली नाही.

उरलेल्या चौघांनी अकरा अर्ज रद्द केले. डार्लाने स्वतःच्या शिक्क्यावर, सगळ्यांदेखत, लाल पेनाने फुल्या मारल्या. वाचनाची ती जादा शिक्षिका नेमावी असं हॉलोवेंनी पुन्हा सुचवलं, आणि या वेळी ते मंजूर झालं. वसंतात निकाल काय लागेल, करार राहील की जाईल, हे त्या रात्री कोणालाच सांगता आलं नसतं.

६

सणाची सुट्टी संपून सोमवार उजाडला. नवं बर्फ पडलं होतं. अर्लीनने बस काढली. लाहतींच्या दारावर दिवा होता. पुढच्या घरीही होता. काही मुलांच्या हातात सणातून उरलेल्या ॲपल पायचे तुकडे होते, आणि बसभर दालचिनीचा वास पसरला. ती मोजत गेली. सहा, सात, आठ, नऊ, दहा. यादीकडे तिने पाहिलंच नाही. आज तिने मार्ग थोडा बदलला होता, सावेलांकडे आधी गेली. अकरा. टिल्डा चढली, तिच्या हातात तो कप होता.

शेवटी पेल्कोनेनांचं घर आलं. दारावर दिवा नव्हता.

अर्लीनने वेग कमी केला. दिवा नसेल तर थांबायचं नाही. भोंगा वाजवायचा नाही. मागे बसलेली पोरं खिडकीशी सरकली. त्यांनाही घरी सगळं कळलं होतं. आत कुठेतरी एक म्हातारा माणूस तोंड लपवून बसला होता आणि त्याच्यापायी एक नऊ वर्षांची पोर घरात कोंडलेली होती. आता तीही काळोखात. अर्लीनला पुन्हा संताप आला, पण या वेळी तो निराळा होता.

तिने बस थांबवली आणि भोंग्यावर हात ठेवला. हात काढलाच नाही. शेजारच्यांची कुत्री भुंकायला लागली, समोरच्या घरात पडदा हलला. तरी ती वाजवत राहिली.

अखेर दारावरचा दिवा लागला. दार उघडून वॉल्ट उभा राहिला, पायात सपाता, मान खाली. त्याच्या हाताखालून हेझल निसटली, कोटाच्या गुंड्या न लावताच धावत आली आणि पायरीपाशी थांबली.

"मिस अर्लीन, आजोबा म्हणाले, आता मला कोणी घेणार नाही."

"तुझे आजोबा हल्ली बरंच काही चुकीचं बोलतात. चढ."

हेझल चढली. पहिला बाक भरलेला होता, दुसराही. ती मधल्या वाटेत दप्तर छातीशी धरून उभी राहिली. टिल्डाने तिच्याकडे पाहिलं, थोडा वेळ घेतला, आणि मग शेजारचं आपलं दप्तर उचलून मांडीवर ठेवलं.

अर्लीनने दार लावलं आणि बस शाळेकडे वळवली.